सहावा कप

गुन्वोर कोफोएड माती मळते ती पिठासारखी नव्हे,
दुखऱ्या पाठीसारखी;
मनगटातून अंगाचं वजन उतरवत,
हवेचा एकही बुडबुडा मागे न ठेवता.
खिडकीबाहेर बाल्टिक, पत्र्याच्या रंगाचा.
बेटावर आज फेरीबोट आलेली नाही.

चारशे ग्रॅम. तराजूवर पुन्हा एकदा.
भट्टी प्रत्येक भांड्यातून थोडं भांडं खाते
हे शिकायला तिला सात वर्षं
आणि बाहुल्यांना शोभतील असे दीडशे कप लागले.

एस्केचा फोन होता: सहातला एक गेला,
एकोणीस वर्षांपूर्वी घेतलेले. तसाच हवा.
तसाच.
ती खाण आता तळं झालीय, उन्हाळ्यात पोरं तिथे सूर मारतात.
झिलईतली राख ज्या सफरचंदाची
ते झाड वादळाने कुंपणावर आडवं केलं.
आणि डावा अंगठा, ज्याने आतली वळणं काढली,
तो आता सकाळी दहापर्यंत वाकतच नाही.

नमुन्याला आणलेला कप ती उजेडात धरते.
बुडाशी तिचाच शिक्का, तेव्हाचा, जरा ठासून मारलेला.
आत चमच्याच्या करड्या रेघा, एकाच बाजूला:
त्या घरात कुणीतरी डावखुरं आहे
आणि साखर सोडायला तयार नाही.
हे काही तिने घडवलं नव्हतं.

ती फोन लावते. फुटलेल्यातून कोण प्यायचं?
बराच वेळ नुसता वारा.
मग एस्के म्हणतो, तसं कुणीच नाही.
आम्ही पाच. तो मागे असायचा,
कुणी आलं तर.

कुणी आलं तर.
ह्या मापाचा हात तिच्या वहीत नाही.
चाक फिरतं, भिंत उठते, पोट धरते,
ओठाशी येऊन ती बोट सैल सोडते.
दुसऱ्या दिवशी, चामड्याइतकं सुकल्यावर,
ओल्या हाताने धार काढावी तसा
गोळा खाली ओढत ओढत
ती कपाला कान देते.
दोन बोटांचा? तीन?
कोळ्याची बोटं, की नव्या पाद्रीणबाईंची?
मधलंच काहीतरी ठरवते,
मधलं कधीच कुणाचं नसतं हे ठाऊक असून.

भट्टीतून निघाला तो पाचांचा सख्खा नव्हे,
फार तर चुलत.
तपकिरी हवं तिथे निळसर.
निवताना बराच वेळ कुरकुरला, टिंग, टिंग.

रविवारी ती सायकलवरून गेली,
कप लोकरी मोज्यात.
एस्केच्या बायकोने घरचे पाच घरच्यांपुढे ठेवले,
सहावा गुन्वोरपुढे आला.

ओठ ठीक. वजन ठीक.
कान मात्र तिच्या सुजलेल्या बोटाला
एवढासा अरुंद.
ती काही बोलली नाही.
दुसरा हात खालून लावला
आणि प्याली.