तीनशे सतराचा कान

रास्ता पेठेत, पॉवर हाऊसच्या मागच्या गल्लीत
दिवसभर मी दात बनवते.
कवळ्या, क्राउन, क्वचित एखादी सोन्याची हौस.
सहानंतर साचे न्यायला कुणी येत नाही.
मग त्याच दिव्याखाली, त्याच चिमट्यानं
शिशाचे शिपाई.

बुधवारी जुन्या बाजारात मिळतात,
नळाच्या तोट्या आणि बंद घड्याळांच्या मधे.
शंभराला एक, मान मोडकी असेल तर साठ.
"ताई, विलायती आहे."
"असेल. नाक कुठाय?"

ॲसिटोनमध्ये रात्रभर बुडवते.
सकाळी बरणीत कुणाचीच पलटण उरत नाही.
लाल डगल्याखाली खाकी निघतो,
खाकीखाली निळा,
एकदा सगळ्यात खाली गुलाबी निघाला
आणि मी एकटीच हसत बसले.
कुणा पोरीनं भावाचा शिपाई
नेलपॉलिशनं रंगवला असणार.
तेवढा थर ठेवलाय. टाचेवर, बुटाच्या आत गेल्यासारखा.

सुभेदार ढाईगुडे घोरपडीहून स्कूटरवर आले.
रुमालात गुंडाळलेला घोडेस्वार
काउंटरवर ठेवून म्हणाले, "याला आपला करा."
मी वही उघडली. फेटा की टोपी? पदकं किती?
"पदकं नकोत. तलवार काढा.
घोड्यावरनं खाली उतरवा याला.
आणि घोड्याचं खेचर करा."

चोवीस वर्षं मी माणसांच्या जबड्यात काम करतेय.
खेचर पहिलंच.

कान लांबवले, ज्यानं हिरड्या करते त्याच ॲक्रिलिकनं.
आयाळ खरवडून आखूड केली, मानेचा तोरा तासला.
अवघड गेला तो स्वार.
जन्मभर मांडी फाकून बसलेला माणूस
असा सांगितल्याबरोबर उभा राहतो होय?
दोन्ही गुडघ्यांत करवत घातली, आत टाचण्या रोवल्या,
तरी पाय जरा फेंगडेच राहिले.
राहू देत म्हटलं.
मुठीत तलवारीच्या जागी
मेण लावलेला दोरा.

रंगासाठी फोन केला. तपकिरी ना?
"तपकिरी काय! दोनदा उकळलेला चहा,
घरात दूध संपत आलेलं असताना. तसा."
मी तसा चहा केला, बशीत ओतला,
बशीशेजारी रंग कालवत बसले.
जमला तेव्हा चहा गार झाला होता.
आणि माणसाचा चेहरा?
"ते बघा तुमचं तुम्ही."
मी बघितलं. डोळे काढले नुसते,
खेचराकडे वळलेले.
पुढच्या डाव्या खुरावर, तीन केसांच्या ब्रशनं,
श्वास रोखून: ३१७.

ते आले त्या दिवशी चष्मा घरी विसरले होते.
खेचर तळहातावर घेऊन
खिडकीपाशी गेले, परत आले, परत गेले.
माणसाकडे एकदाही बघितलं नाही.
खिशातून गुळाचा खडा काढून
माझ्या टेबलावर, त्याच्या तोंडासमोर ठेवला.
मग म्हणाले, "डावा कान फाटका होता.
दोर अडकला. मीच ओढला, घाईत."

मी कानस उचलली.
"मी करू?"
इतका वेळ कापणारा हात
पक्कड हातात आल्यावर थांबला.
टक्.
एवढासा आवाज, दात काढतानाही याहून मोठा येतो.

नऊशे रुपये मोजून दिले. घासाघीस नाही.
माणूस रुमालात बांधला,
खेचर शर्टाच्या खिशात, कान बाहेर,
आणि हेल्मेट घालून
निघाले पॉवर हाऊसच्या चौकाकडे.

कानाचा तुकडा दुसऱ्या दिवशी सापडला,
वरच्या सुळ्यांच्या डबीत पडलेला.
माझ्या शेड-गाइडमधे सोळा रंग आहेत दातांचे,
हा कुठल्याच खाली बसला नाही.
डबीतच आहे.

गूळ मात्र मुंग्या लागायच्या आत
मी खाल्ला.