धुऊन टाकायचा द्रव

हल शहरात हिवाळ्यातली दुपार तीनला संपते.
हंबरच्या मुखाकडून धुकं चढतं, त्याला चिखलाचा वास,
आमच्या तळघराला खिडकी नाही
म्हणून हे सगळं मला डेनहोम गारसाइडच्या कोटावरून कळतं.

तो काच कोरतो.
आगपेटीएवढ्या पट्टीवर केसाएवढी नाली,
आम्लाने, घड्याळ न बघता.
विभावरीचं 'विव' त्याने पहिल्याच दिवशी केलं.
मी काही बोलले नाही. काच फार छान कोरतो.

नालीत मी मिश्रण भरते. चार जण:
दोन हात धरणारे, एक काडी लावणारा,
आणि चौथा काहीच न करणारा.
साठ टक्के तोच.
थंडीत तो बाटलीतच गोठून बसतो
आमच्या घरच्या खोबरेल तेलासारखा, पांढराफटक.
डेनहोम सकाळी आल्या आल्या
त्याला रेडिएटरवर ठेवतो, शेजारी स्वतःचे हातमोजे.

मग जांभळा दिवा, दहा मिनिटं.
हात धरणारे हात धरतात, गाठी होतात, गाठींचे घोस,
आणि मधे मधे तो, ढिम्म, जागा अडवून.
नंतर मिथेनॉल सोडून त्याला धुऊन काढायचा,
रात्रभर, हळू.
तो जिथे जिथे होता तिथे आता वाट असते.

कॅन्टीनमध्ये मी डेनहोमला घावन समजावलं:
पीठ पातळ हवं, तवा तापलेला,
पाणी उडून जातं आणि जाळी पडते.
तो म्हणाला, म्हणजे क्रम्पेट.
मी म्हटलं, नाही.
मग म्हटलं, बरं, क्रम्पेट.

त्याची आई जाळी विणायची, खरीखुरी,
दाराच्या कडीला दोर अडकवून,
आइसलंडकडे जाणाऱ्या ट्रॉलरांसाठी.
बोटं इतकी फाटलेली की भांडी डेनहोम घासायचा.
तिच्या जाळ्याला प्रश्न एकच: कोण अडकलं, कोण सुटलं.
आमच्यात कुणीच अडकत नाही.
सगळे पलीकडे जातात, फक्त कमीजास्त उशिरा.
पाण्याशी ज्याचं जमतं तो आधी.
ज्याला पाण्याचं वावडं तो भिंतींना बिलगत राहतो,
त्याला गोडीगुलाबीने सोडवावा लागतो.

ऑक्टोबर ते जानेवारी काही नाही.
एकदा पॉलिमर आक्रसलं, काच सोडली,
प्रथिनं कडेकडेने पळाली,
लग्नातून अहेर न देता निघावं तशी.
एकदा दाब चढला, नळी सुटली,
माझ्या चष्म्यावर घोड्याच्या हृदयाचा तांबूस थेंब.

फेब्रुवारीत पत्र आलं: काचकाम बंद.
पट्ट्या आता बाहेरून येतील, प्लॅस्टिकच्या, साच्यातल्या.
तारीख येत्या शुक्रवारची.
डेनहोमने ते दोनदा वाचलं, चार घड्या केल्या
आणि डुगडुगणाऱ्या पंपाच्या पायाखाली सारलं.
तीन वर्षांत पहिल्यांदा तो पंप स्थिर झाला.

बुधवारी शिखरं उठली.
कोंबडीच्या अंड्यातलं, घोड्याच्या हृदयातलं, गाईच्या रक्तातलं,
पाच टाकली होती, पडद्यावर पाच,
पायथ्याला पायथा न लागता.
आणि शेवटी, बऱ्याच वेळाने, सहावं.
टेंगळाएवढं.
हे कोण, मी विचारलं.
तो चष्मा कपाळावर सरकवून वाकला.
नीट धुतलं नाहीस, विव.
तसं असेल. नसेलही.
मी त्याच्या डोक्यावर प्रश्नचिन्ह काढलं, नाव लिहिलं नाही.

सोमवारी बाटली फळीवरच होती,
आतून पांढरी, उलटी केली तरी न हलणारी.
रेडिएटरवर हातमोज्यांएवढी जागा मोकळी.
मी बाटली कोटाच्या आत काखेत धरली
आणि उभी राहिले.
चोवीस अंश लागतात त्याला. वेळ लागतो.