नोंदवही सोपवताना

राडिम, वजन हळू लाव.
आकड्याला अडकवून सोडून द्यायचं नाही, टेकवायचं,
झोपलेल्या पोरावर हात ठेवावा तसं.

मग वरचा दिवा मालव.
पोलरॉइडच्या दोन काचा एकमेकींना आडव्या,
मधे काळोख,
आणि त्या काळोखात पट्टी रंगायला लागते :
राखी, पांढरी, हळदी, वांगी, निळी.
वहीत ‘निळी’ लिहू नकोस.
तुझा निळा माझा नाही,
माझ्या डाव्या डोळ्यात तर मोतीबिंदू आहे.
आधी वेळ लिही, मग आकडा.

वजन काढलं की पहिलं मिनिट नुसती पळापळ.
पट्टी आखडते, रंग आल्या वाटेनं मागे फिरतात.
पुढे मात्र ती अडून बसते.
पहाटे तीन ते सहा काहीच होत नाही.
तरी लिही.

खालच्या खणात लिंडनच्या चहाचा डबा आहे,
त्यात सेल्युलॉइडची एक पट्टी.
व्लास्तिमिल ओन्द्रूशनं ताणलेली,
अडुसष्टच्या ऑगस्टात, सोमवारी.
बुधवारी रेडिओवर रणगाडे होते.
सप्टेंबरात तो व्हिएन्नाला गेला, दोन दिवसांसाठी,
कोट इथेच खुंटीवर.
पट्टी चिमट्यातच राहिली होती. मी सोडवली.
मी अठरा वर्षांची, बाटल्या विसळायला ठेवलेली,
मोज असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

दर सोळा सप्टेंबरला मोजत आले.
लॉगच्या कागदावर सरळ रेघ येते, बघ :
पाच वर्षांपासून पन्नासपर्यंत ती जेवढं विसरली
तेवढंच पुन्हा विसरायला
पाचशेपर्यंत थांबावं लागेल.
आता फिकट राखी उरलीय,
फक्त चिमटा चावला होता त्या कोपऱ्यात
अजून थोडी हळद.
(सेल्युलॉइड म्हातारपणी आपणहून पिवळं पडतं.
ते वेगळं धर, यात मिसळू नकोस.)

एकदा, शहाऐंशीच्या हिवाळ्यात,
किटलीच्या वाफेवर धरणार होते तिला.
ऊब लागली की मिनिटभरात सगळं सोडून देते,
जशी कधी ताणलीच नव्हती.
हात पुढे केला होता.
मग चहा केला.

याचा उपयोग काय, काल विचारलंस.
खण अडकतो, उजवीकडून उचलून ओढ.
आणि सोळा तारखेला रविवार आला
तर सोमवारी मोजलंस तरी चालेल.
तिला कळणार नाही.

— ब्लाझेना शिमिचकोव्हा, झ्लीन