शेपटीचा ठिपका

काउंटरवर दोन साइट मांडल्या मी रायफलीच्या,
एक आखूड नळी, एक चौकोनी खिडकी,
भांडून बसलेल्या बहिणींसारख्या तोंडं फिरवून.
इर्मेलीनं हातमोजे काढले, दातांनी ओढून.
बाहेर उणे एकोणीस. दुपारचे तीन,
म्हणजे कुह्मोत रात्रच.
तुइस्कु, तिची कुत्री, हीटरपाशी वेटोळं करून
एक कान आमच्याकडे.

शिकारीचा मोसम आठ महिने लांब,
तरी ती आजच आली.
का, ते विचारलं नाही मी.
ऑक्टोबरातलं सगळ्या गावाला ठाऊक होतं:
दाट स्प्रूस, चाळीस पावलांवर मूस,
गोळी लागली, पण लागायला हवी तिथे नाही.
मग रात्रभर टॉर्च, शेवाळावरचे थेंब मोजत,
आणि पहाटे तळ्याकाठी ते जनावर
उभंच होतं म्हणे,
मान खाली घालून.

"सांग वेइयो, कुठली घेऊ?"

सव्वीस वर्षं लोक हेच विचारतात
आणि मी पाठ केलेलं म्हणतो:
लाल ठिपक्याची साधी. इवलासा दिवा, एक काच, संपलं.
चालू करून विसरून जा,
चार वर्षांनी कपाटातून काढ, ठिपका जागाच.
होलोग्राफिकमध्ये लेझर, भोवती वर्तुळ, मधोमध कण.
पळत्या जनावरावर वर्तुळ झटकन बसतं.
पण बॅटरी खाते ती, घरजावयासारखी,
आणि पैसे दुप्पट.

तिनं नळी उचलली, भिंतीवरच्या
पेंढा भरलेल्या रानकोंबड्यावर धरली.
"हा कुठला ठिपका!
चिरडलेली लिंगनबेरी आहे. उजवीकडे शेपूट.
माल बिघडलाय तुझा."

माल नवा होता. दुसरा डबा फोडला.
त्यातही शेपूट.
मग म्हटलं, साइट आडवी कर बघू.
शेपूट होतं तिथेच राहिलं.
आता साइट सरळ, आणि मान कलती कर.
शेपूट मानेबरोबर वळलं.

काच खराब निघाली तर मी परत घेतो,
पावतीसुद्धा मागत नाही.
याला काय करायचं,
ते कुठल्या कंपनीनं शिकवलं नव्हतं.
"डोळा," म्हटलं. तेवढंच.
अंगण सरळच होतं.

ती काही बोलली नाही. खिडकी उचलली.
"हे बरं दिसतं. साखर सांडल्यासारखं दाणेदार,
पण गोल आहे."
त्या क्षणी महागडी विकून मोकळा झालो असतो.
"आणि चष्मा लावला तर?"
"तर बहुतेक स्वस्तातली पुरेल," मी म्हणालो.
धंदा कसा करू नये ते माझ्याकडून शिकावं.
कायानीच्या डोळ्यांच्या डॉक्टरचा नंबर
काडतुसांच्या रिकाम्या खोक्यावर लिहून दिला.

ती गेली. काचेतून दिसत होती,
रस्त्याच्या मध्यावर थांबलेली,
एक डोळा हातानं झाकून, मग दुसरा.
परत आली, दार अर्धं उघडून,
सगळी थंडी आत.
"वेइयो, रस्त्यावरच्या दिव्यांना मिशा दिसतात ना तुला?"
"नाही."
"एकालाही?"
"नाही गं."
"मला वाटायचं, दिवे असेच असतात."

एकसष्ट वर्षांची बाई.
तुइस्कु तिच्या बुटाला नाक लावून उभी.
"म्हणजे त्या दिवशीही..." एवढं म्हणाली,
आणि दार ओढून घेतलं.

दुकान बंद करताना खिडकी बंद केली.
नळी विसरलो.
सकाळी कुलूप काढलं तर अंधारात
ठिपका जागाच.
डोळा लावला. गोल.
मग, कोणी बघत नाहीसं पाहून,
मीही मान थोडी
कलती करून बघितली.