दोनशे बारा नावं

सकाळी आठला शाळेचं दार उघडलं
तर आधी कुत्रं आत आलं,
पेटी हुंगून परत गेलं.
शाळा बंद होऊन सहा वर्षं झाली,
फळ्यावर अजून कुणाचा तरी अर्धा भागाकार आहे.

मी सेलियु. बुचाच्या झाडांची साल काढतो.
आज रविवार, कुऱ्हाडीला सुट्टी,
म्हणून टेबलाशी बसलोय यादीवर रेघा मारायला.
पैसे मिळतात, खोटं कशाला बोलू.
मत मात्र मी कधीच दिलेलं नाही.

यादीत दोनशे बारा नावं.
तीसेक जण लक्झेम्बर्गमध्ये फरशा पुसतात,
नऊ जण टेकडीवर, सायप्रसच्या सावलीत, कायमचे;
कचेरीला कळवायचं राहून गेलं.
बाकीचे इथंच.
आलेंतेझूचं ऊन पांढऱ्या भिंतींवरून उसळतंय
आणि खिडकीतून मला दिसतोय
कॅफेत पत्ते पिसणारा इलिदियु.
चाळीस पावलं. मी मोजलीत.

कॉफीला गेलो तेव्हा म्हणालो, चला की.
पान टाकत तो म्हणाला, "सगळे एकाच माळेचे मणी."
मी हसलो. वाक्य माझंच होतं,
गेल्या खेपेला, याच खुर्चीत बसून.

चारला एर्मेलिन्दाबाई आल्या. वय एक्याण्णव.
कुस्तोदियाबाईंनी नियमाप्रमाणे नाव मोठ्यानं वाचलं,
सगळं, आईबापांच्या आडनावांसकट,
तशी त्यांची पाठ जरा सरळ झाली.
मत टाकलं, पण गेल्या नाहीत.
पोरांच्या बुटक्या बाकावर बसल्या,
मांडीवर ताट घेऊन हरभरे निवडू लागल्या.
"ऊन उतरू दे," म्हणाल्या.

"पंच्याहत्तर साली, एप्रिलात,
आम्ही दोघी बहिणी, आणि धड बूट एकच जोड.
ती पहाटेच घालून गेली. रांग विहिरीच्या पार पलीकडे.
मी उंबऱ्यात अनवाणी.
दुपारी आली, बूट काढले,
आतून ओले, गरम.
तेच चढवून मी गेले.
अक्षर येत नव्हतं. येत नाही म्हणून तर
आधीच्या राजवटीत आम्ही कुणाच्या मोजणीत नव्हतो.
चिन्ह बघितलं, फुली मारली."
"जिंकलं का ते चिन्ह?"
"आठवत नाही रे. बूट आठवतात."

मी म्हणालो, पण आता निवडायचं कुणाला?
उडदामाजी काळे गोरे.
त्यांनी मान वर केली नाही.
"चांगला हरभरा मी शोधतच नाही.
खडा शोधते.
न निवडता शिजवलंस
तर दात तुझा पडेल,
खडा काही माफी मागणार नाही."

सातला दहा कमी. रेघा सत्तेचाळीस.
कुस्तोदियाबाईंनी चष्मा पुसला, यादी ओढून घेतली
आणि मला न विचारता
माझं नाव वाचलं. मोठ्यानं. पूर्ण.
या खोलीत ते शेवटचं घुमलं होतं हजेरीच्या वेळी.
तोंडातून गेलंच, "हजर!"
सगळे हसले.

पुठ्ठ्याच्या आडोशाला दोरीनं बांधलेलं पेन.
आम्ही झाडाची साल काढतो
आणि उघड्या खोडावर पांढऱ्या रंगानं साल लिहितो.
मग नऊ वर्षं कुणी हात लावत नाही.
एका आकड्याच्या भरवशावर झाड उभं राहतं.
हे मला तिथं का सुचलं कोण जाणे.
फुली थोडी वाकडी आली.

अठ्ठेचाळीस.
एक कोरी, एकीवर बैलाचं चित्र.
माझी कुठली, मलाही ओळखू आली नाही,
आणि एर्मेलिन्दाबाईंची कुठली, तेही नाही.

कुलूप लावून निघालो तर कॅफेत दिवा.
"किती झाले?" इलिदियुनं विचारलं.
सांगितलं.
"म्हणजे मी आलो असतो तर एकोणपन्नास."
पान त्याच्या हातातच राहिलं थोडा वेळ.
मग टाकलं.