परतीचा अर्ज

तहसीलच्या फाटकाबाहेर लिंबाखाली माझं टेबल.
चौथ्या पायाखाली फरशीचा तुकडा.
बावीस वर्षं मी लोकांच्या अडचणी
रकान्यांत बसवतो.

वार्षिक उत्पन्न: एकवीस हजारांच्या आत.
रुपया वर गेला की माणूस गरीब उरत नाही.
मुलगा आहे का, असल्यास सांभाळतो का —
इथं बायका थांबतात, रस्त्याकडं बघतात,
"नाही म्हणून लिवा" म्हणतात, आणि लगेच,
"तसा गुणाचा हाय तो"
एवढं माझ्याकडं ठेवून जातात.
त्याला रकाना नाही.

निराधार ठरायला आधार लागतो
हा विनोद इथं इतका जुना झालाय
की फाटकावरचा शिपाईसुद्धा हसत नाही.

राजमणी म्याकल आली ती संक्रांतीनंतर.
गड्ड्यावरचे पाळणे अजून उतरले नव्हते,
दुपारी तिकडची धूळ माझ्या कार्बनवर बसायची.
दत्तनगरची. विड्या वळते.
नवरा विश्वनाथ टॉवेलच्या कारखान्यात छत्तीस वर्षं,
शेवटी खोकला तेवढा स्वतःचा राहिला
आणि महिन्याला दीड हजार, सरकारचे.
त्याचा अर्ज मीच लिहिला होता म्हणे.
तो कार्तिकात गेला.

मी विधवेचा फॉर्म काढला.
दोन फोटो, मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड…
"ते मागनं. आधी हे."
दोघांच्या नावाचं पासबुक. कार्तिकाच्या पुढं
दोन नोंदी, पंधराशे, पंधराशे.
"हे गेल्यावर आलंय. परत द्यायचंय."

माझ्याकडं एकोणीस नमुने असतात.
मी गठ्ठा चाळला, उगाच.
माहीत होतं, नाही.

म्हणालो, अक्का, राहू द्या. कोण विचारतंय?
तुमचं मंजूर व्हायला चार महिने,
तोवर तेलामिठाला होतील.
ती बाकावर नीट बसली.
"पंचवीसचा कट्टा असतंय आमचा.
घाईत कधी सव्वीस गेल्या,
तर वरची एक कुणी परत देत नाही.
ते कसं लागतंय, मला ठाव हाय की वो."

मग कोरा कागद घेतला.
प्रति, मा. तहसीलदार, उत्तर सोलापूर.
विषय लिहिला आणि हात सवयीनं
"मिळणेबाबत" लिहून मोकळा झाला.
खोडलं. दुसरा कागद.
"परत घेणेबाबत."
अक्षर पहिलीतल्या पोरासारखं आलं.

अंगठा घेतला. शाईचा नुसता लांबट ठिपका,
आत एक रेघ नाही.
रेघा पानांनी आणि कात्रीनं कधीच नेलेल्या.
फी विचारली तिनं.
नमुना नाही तर फी नाही, म्हटलं.

आत कारकुनानं दोनदा वाचलं.
शेजारच्याला दाखवलं. तिसरा उठून आला.
कुणी हसलं नाही, हे खरं सांगतो.
"भरायचं कुठल्या लेखाशीर्षाखाली?"
ते कुणालाच ठाऊक नव्हतं.
सोमवारी या.

सोमवारी साहेब पंढरपूरला मीटिंगला.
पुढच्या सोमवारी साहेब होते, संगणक बंद.
तिसऱ्या सोमवारी ते म्हणाले,
बाई, वरून मार्गदर्शन मागवलंय.

ती बाहेर आली. ऊन फाटकापर्यंत आलं होतं.
रुमालात तीन हजार, गाठ मारलेली,
रुमाल ब्लाउजमध्ये.
माझ्याकडं वीस रुपये मागितले,
रिक्षाला, अशोक चौकापर्यंत.
म्हटलं, गाठ सोडा की.
तिनं असं बघितलं
की मी मुकाट्यानं खिशात हात घातला.
"वहीत लिवा," म्हणाली.
लिहिलं. राजमणी म्याकल, वीस.

तिचा स्वतःचा फॉर्म माझ्याकडंच आहे,
दगडाखाली, अर्धा भरलेला.
हे मिटल्याशिवाय ते नको म्हणते.

वीस तिनं बुधवारी आणून दिले.