हात टेकले

रविवारी दहाला एंडेल गाडी काढतो.
चर्चच्या दारापर्यंत सोडतो, आत येत नाही.
ज्युनिपरच्या झुडपांपाशी गाडी लावून पेपर वाचतो,
हीटर चालू ठेवतो
माझ्या परतीच्या पायांसाठी.

एकतीस वर्षं मी कुइवास्तूच्या फेरीबोटीवर तिकिटं फाडली.
बरोब्बर छिद्रांच्या रेषेवर, वाऱ्यातसुद्धा.
आता उजवा हात आपला आपणच
दिवसभर काहीतरी फाडत असतो,
समोर कुणी प्रवासी नसताना.
तार्तूचा डॉक्टर म्हणाला, वाढत जाईल. सावकाश.
हा 'सावकाश' त्याने मला
चिठ्ठीवरच्या औषधासारखा दिला.

शेजारची उर्वे धुरावलेले मासे घेऊन येते,
आणि बसल्या बसल्या विचारते,
हात त्यानेच घडवले ना?
मग थरथर कुणी शिकवली?
मी म्हणते, मासे छान झालेत.
खरंच झालेले असतात.

लेक, पिरेत, टालिनहून फोनवर:
आई, तुला तिथे जे बरं वाटतं ना,
ते मेंदूतलं एक रसायन आहे.
तेच, जे तुझं कमी होत चाललंय.
असेल.
पत्र पोस्टमनच आणतो,
म्हणून काही ते त्याने लिहिलेलं नसतं.
हे मला फोन ठेवल्यावर सुचलं.
सुचायलाही हल्ली वेळ लागतो.

शाळेत आम्हांला लिहून घ्यायला लावलं होतं, देव नाही.
समास सोडून, निळ्या शाईने.
माझं अक्षर वर्गात सगळ्यांत सुरेख.
आता माझी सही पाहून
बँकेतली पोरगी दोनदा मान वर करते.

पहिल्या वर्षी मी म्हणाले, बरं कर.
दुसऱ्या वर्षी, निदान डावा तरी सोड.
मार्चमध्ये, खाडीतला बर्फ फुटत होता तेव्हा,
डावाही गेला.
मागणं तिथे संपलं. बोलणं चालू आहे,
बहुतेक पहाटे तीनला,
एंडेलचं घोरणं मध्ये घेऊन.

जैतुनांच्या बागेत त्या रात्री
तोही म्हणालाच होता, हा प्याला नको.
सोबतचे झोपले होते.
त्याचे हात स्थिर होते
असं कुठेच लिहिलेलं नाही.
मी शोधलंय. भिंग घेऊन.

प्रभुभोजनाला आम्ही अकराजण उरलो आहोत.
पाळक नवे, पोरसवदा;
पेला माझ्या ओठांशी धरताना
माझ्याहून तेच जास्त घाबरतात.
एक थेंब सांडतोच, बाहीवर.
हरलेली माणसं म्हणतात ना, हात टेकले.
मीही टेकते, वेदीपुढच्या कठड्यावर,
जिथे लाकडाला खळगे पडलेत
माझ्या आधीच्या कुणाकुणाच्या तळव्यांचे.
थरथर लाकडात उतरते, पुढे सरकते,
शेजारी गुडघे टेकलेल्या मेइनहार्डच्या बोटांना कळते.
तो हात काढून घेत नाही.

काही मिळालं का? एंडेल विचारतो,
मासळीबाजारातून आल्यासारखं, दर रविवारी.
थोडं, मी म्हणते.
सीटचा पट्टा मला लावता येत नाही.
तो वाकतो, चष्मा सावरत खाच शोधतो,
आणि खटका बसेपर्यंत
त्याचं पांढरं डोकं माझ्यापुढे झुकलेलं राहतं,
थेट आतल्या माणसांसारखं.

हे मी त्याला सांगत नाही.
उगाच यायचा बंद होईल.